ॲडव्हान्स टॅक्सचा हप्ता दरवेळी चुकतो? दोष नेमका कुठे आहे ते असं शोधा

रिटर्न भरायला बसलं की शेवटच्या टप्प्यावर एक रकाना उघडतो आणि त्यात २३४ बी, २३४ सी असं लिहून पुढे व्याजाचा आकडा येतो. ॲडव्हान्स टॅक्स, म्हणजे वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी भरायचा कर, कमी किंवा उशिरा भरला की लागणारं हे व्याज. समोरचा माणूस मग विचारतो, "टॅक्स तर मी भरलाय, मग हे व्याज कसलं?" कर सल्लागार म्हणून हा प्रश्न मी दरवर्षी सोडवतो आणि बहुतेक वेळा त्याच त्या माणसांचा सोडवतो. त्यांच्यात कर बुडवणारा कोणी नसतो. कोणी नोकरीबरोबर घरभाडं घेतो, कोणी फ्रीलान्स काम करतो, कोणी नुकतेच म्युच्युअल फंडाचे युनिट विकलेले असतात. दोष ठरावीक पाच-सहा जागीच असतो, आणि तो शोधायला बहुतेकांना सीएकडे जायचीही गरज नसते. म्हणून सोप्या, बिनखर्चाच्या तपासणीपासून सुरुवात करू आणि अवघड शेवटी ठेवू.

आधी एक खुलासा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू झाला आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत. हप्त्यांच्या तारखा, टक्के आणि हा कर जिथून लागतो ती १०,००० रुपयांची मर्यादा मात्र तीच आहे. लोकांच्या तोंडी अजून जुनेच क्रमांक आहेत, म्हणून इथेही तेच वापरले आहेत.

लक्षणं

यातलं एखादं जरी तुमच्याकडे दिसत असलं तर पुढे वाचा.

रिटर्नमध्ये देय कराखाली व्याज दिसतं, आणि ते गेल्या वर्षीही दिसलं होतं.

रिटर्न भरून झाल्यावर १४३(१) ची सूचना, म्हणजे रिटर्न तपासून आयकर खात्याने पाठवलेला हिशेब, येते, तिच्यात तुमच्या आकड्याशेजारी आयकर खात्याचा आकडा असतो आणि फरक नेमका व्याजाच्या ओळीत असतो.

बँकेतून पैसे गेले, पण २६ एएस किंवा एआयएसमध्ये (तुमच्या पॅनवर जमा झालेला कर आणि उत्पन्न दाखवणाऱ्या आयकर खात्याच्या नोंदींमध्ये) ते चलन, म्हणजे कर भरल्याची नोंद, दिसत नाही.

नोकरीचा कर ऑफिसने पूर्ण कापला आहे अशी खात्री असते, तरीही वर्षाअखेर तीस-चाळीस हजार भरावे लागतात.

१५ तारखेला रात्री पोर्टल उघडता, आणि ओटीपी येत नाही, बँकेचं पान फिरत राहतं, नाहीतर खात्यात तेवढे पैसेच नसतात.

चुकलं तर किती जातं

हे आधी कळलं पाहिजे, कारण त्यावरूनच कुठली दुरुस्ती किती घाईची आहे ते ठरतं.

हप्ते चार. १५ जूनपर्यंत वर्षाच्या अंदाजित कराच्या १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५, १५ डिसेंबरपर्यंत एकूण ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण १०० टक्के. 'एकूण' हा शब्द महत्त्वाचा. सप्टेंबरला नवे ४५ टक्के भरायचे नाहीत, जूनचे धरून ४५ व्हायला हवेत.

समजा टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापलेला कर) वजा जाऊन तुमचा कर १,००,००० रुपये निघतो आणि वर्षभरात तुम्ही काहीच भरलं नाही. जूनच्या १५,००० वर दरमहा १ टक्क्याने तीन महिन्यांचे ४५०, सप्टेंबरच्या ४५,००० वर १,३५०, डिसेंबरच्या ७५,००० वर २,२५० आणि मार्चच्या एक लाखावर एका महिन्याचे १,०००. २३४ सी खाली झाले ५,०५० रुपये. वर ३१ मार्चपर्यंत ९० टक्के कर जमा नसल्याने २३४ बी सुरू होतं, तेही दरमहा १ टक्का, एप्रिलपासून कर भरेपर्यंत. जुलैत भरलात तर चार महिन्यांचे ४,०००. म्हणजे एक लाखामागे ९,०५० रुपये गेले. हे व्याज धंद्याचा खर्च म्हणून वजाही होत नाही.

यातली एक गोष्ट अगदी जवळून बघण्यासारखी आहे. जूनचा हप्ता १६ जूनला भरला काय आणि १० सप्टेंबरला भरला काय, व्याज पूर्ण तीन महिन्यांचंच लागतं. पहिले तीन हप्ते असेच आहेत. म्हणजे एका दिवसाचा उशीरही तीन महिन्यांच्या उशिराइतकाच महाग पडतो. म्हणूनच "दोन दिवस इकडेतिकडे चालतात" हा घरपट्टीच्या किंवा वीजबिलाच्या बाबतीतला अनुभव इथे वापरू नका.

पहिली तपासणी: हा कर तुम्हाला लागतो का, आणि किती हप्त्यांत?

पाच मिनिटांचं काम. वर्षाच्या एकूण करातून टीडीएस वजा केल्यावर १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त उरत असतील तर ॲडव्हान्स टॅक्स लागतो. त्याहून कमी उरत असतील तर हे पान बंद करा, सगळा कर रिटर्नच्या वेळी भरला तरी चालतो.

वय ६० किंवा अधिक असलेल्या निवासी ज्येष्ठ नागरिकांना, त्यांचं धंद्याचं किंवा व्यवसायाचं उत्पन्न नसेल तर, ॲडव्हान्स टॅक्समधून सूट आहे. पेन्शन, व्याज, भाडं एवढंच असलेल्या आई-वडिलांसाठी मुलं उगाच धावपळ करतात. पण काका अजून सल्लागार म्हणून फी घेत असतील तर ही सूट त्यांना नाही, हेही तितकंच खरं.

४४ एडी (छोटे धंदे) किंवा ४४ एडीए (ठरावीक व्यवसाय) खाली अंदाजित नफा, म्हणजे उलाढालीच्या ठरावीक टक्क्याने धरलेला नफा, दाखवणाऱ्यांना चार हप्ते नाहीतच. १५ मार्चपर्यंत एकदम १०० टक्के. वकील, डॉक्टर, आर्किटेक्ट, इंटिरिअर डिझायनर असे बरेच जण ४४ एडीए वापरतात आणि तरीही जूनपासून धास्तावलेले असतात. उलट, जो व्यवसाय त्या कलमाच्या यादीत बसत नाही असा माणूस "मला मार्चमध्येच भरायचा असतो" असं धरून चालतो आणि तीन हप्ते गमावतो. आपण कुठे बसतो हे एकदा नक्की करून घ्या.

जुन्या व्यापाऱ्यांमध्ये आणखी एक कारण सापडतं. २०१६ च्या आधी कंपनी सोडून इतरांना तीनच हप्ते होते आणि पहिला सप्टेंबरमध्ये असायचा. ती सवय अजून काहींच्या हाडात आहे. त्यांचा जूनचा हप्ता दरवर्षी चुकतो आणि सप्टेंबरचा कधीच चुकत नाही. असा नमुना दिसला की कारण हेच.

दुसरी तपासणी: पैसे गेले, पण गेले कुठे?

हीदेखील फुकट आहे, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त मनस्ताप इथेच वाचतो. आयकर पोर्टलवर लॉगिन करून 'ई-पे टॅक्स' उघडा. तिथे 'पेमेंट हिस्टरी'मध्ये तुमची चलनं दिसतात. प्रत्येक चलनाची पावती उतरवून घ्या आणि तीन गोष्टी बोट ठेवून वाचा: पॅन, वर्ष, आणि पेमेंटचा प्रकार.

वर्षाची चूक सगळ्यात जास्त होते. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या उत्पन्नाचं करनिर्धारण वर्ष (असेसमेंट इयर, म्हणजे त्या उत्पन्नाचा हिशेब होतो ते पुढचं वर्ष) २०२६-२७. मार्चमध्ये घाईने भरणारा माणूस '२०२५-२६' बघतो, हेच आपलं चालू वर्ष म्हणून त्यावर टिचकी मारतो आणि पैसे मागच्या करनिर्धारण वर्षाला जमा होतात. मग रिटर्नमध्ये ते चलन जुळत नाही, खातं ते धरत नाही, आणि कर भरूनही मागणीची सूचना येते.

नव्या कायद्यामुळे इथे आणखी एक खड्डा तयार झाला आहे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला 'करनिर्धारण वर्ष' नाही, सरळ 'कर वर्ष २०२६-२७' आहे. आणि त्याच्या आधीच्या वर्षाचं करनिर्धारण वर्षही २०२६-२७ च आहे! आकडे तेच, वर्षं दोन. जून २०२६ चा हप्ता भरणारा आणि गेल्या वर्षाचा उरलेला कर भरणारा, दोघांच्याही डोळ्यांसमोर '२०२६-२७' असणार. म्हणून नुसता आकडा बघू नका, त्याच्या आधी काय लिहिलंय ते वाचा: 'कर वर्ष' की 'करनिर्धारण वर्ष'. कायदा जुना की नवा, हेही बघा.

पेमेंटच्या प्रकारात ॲडव्हान्स टॅक्सचा कोड १०० आणि सेल्फ असेसमेंट टॅक्सचा ३००, हे जुन्या कायद्याच्या चलनांपासून लोकांना पाठ आहेत. वर्ष संपायच्या आत भरताय तर ॲडव्हान्स, वर्ष संपल्यावर भरताय तर सेल्फ असेसमेंट. पुढच्या पानावर कर, अधिभार, सेस, व्याज असे रकाने येतात आणि तिथे बरेच जण अडतात. हप्त्याची पूर्ण रक्कम कराच्या रकान्यात टाकली तरी चालते, रिटर्नमध्ये चलनाची एकूण रक्कमच धरली जाते.

चूक सापडली तर घाबरू नका, पण थांबूही नका. जुन्या कायद्याच्या चलनांसाठी पोर्टलवर 'चलन करेक्शन'ची सोय आहे. करनिर्धारण वर्षाची दुरुस्ती पैसे भरल्यापासून ७ दिवसांत आणि प्रकाराची ३० दिवसांत करता येते, एका चलनासाठी एकदाच. मुदत गेली तर अर्ज तुमच्या हद्दीच्या करनिर्धारण अधिकाऱ्याकडे करावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो. म्हणूनच पावती भरलेल्याच दिवशी वाचायची. सात दिवसांची ती खिडकी बंद झाली की पाच मिनिटांचं काम काही महिन्यांचं होतं.

पॅन चुकला असेल, म्हणजे नवऱ्याचा हप्ता बायकोच्या पॅनवर गेला असेल, तर तो पोर्टलवर बदलत नाही. तिथे थेट शेवटच्या भागाकडे जा.

तिसरी तपासणी: पैसे वेळेत पोचतात का?

काहींचं गणितही बरोबर असतं, पैसेही असतात, पण हप्ता तरीही १६ तारखेला पडतो. इथे दोष पेमेंटच्या वाटेत असतो.

पोर्टलवर नेट बँकिंगने थेट भरायची सोय ठरावीक अधिकृत बँकांनाच आहे. तुमचं खातं एखाद्या सहकारी बँकेत असेल तर यादीत ती बँक दिसेलच असं नाही. मग पेमेंट गेटवे किंवा एनईएफटी, आरटीजीएस हे मार्ग उरतात. एनईएफटीसाठी पोर्टल एक मँडेट फॉर्म देतं, त्यावरचा खाते क्रमांक आणि आयएफएससी जसाच्या तसा बँकेत लाभार्थी म्हणून घालावा लागतो. नव्या लाभार्थ्याला पहिल्या दिवशी मोठी रक्कम पाठवू न देणाऱ्या बँका बऱ्याच आहेत. शेवटच्या दिवशी हे लक्षात आलं तर हाती काही राहत नाही.

मर्यादाही आधी बघून ठेवा. यूपीआयने कर भरण्याची मर्यादा सप्टेंबर २०२४ पासून ५ लाख रुपये आहे, पण तुमच्या बँकेने किंवा ॲपने स्वतःची कमी मर्यादा ठेवलेली असू शकते. बँकेच्या काउंटरवर रोखीने भरायचं तर १०,००० रुपयांपर्यंतच.

पोर्टलवर चलन तयार केलं की एक क्रमांक मिळतो, त्याला सीआरएन म्हणतात. तो साधारण १५ दिवस चालतो. याचा फायदा घ्या. ५ तारखेच्या सुमाराला शांतपणे चलन तयार करा, वर्ष आणि प्रकार नीट वाचा, आणि पैसे नंतर भरा. घाईत होणारी वर्षाची चूक अशाने बरीच टळते. चलन तयार केलं म्हणजे कर भरला असं नाही, एवढं ध्यानात असू द्या. सीआरएन हातात आणि पैसे खात्यातच, अशा अवस्थेत हप्ता गेलेलेही मी पाहिले आहेत. कर भरल्याचा पुरावा म्हणजे बीएसआर कोड (बँकेच्या शाखेचा क्रमांक), तारीख आणि चलन क्रमांक असलेली पावती.

खात्यातून पैसे गेले पण पावती आली नाही तर आधी पेमेंट हिस्टरी बघा, बँकेला विचारा. अडकलेली रक्कम सहसा परत येते. मात्र हे १५ तारखेच्या रात्री घडलं आणि दुसऱ्यांदा भरण्याइतके पैसे असतील, तर मी पुन्हा भरायलाच सांगतो. दोन्ही जमा झाले तरी जादा रक्कम पुढच्या हप्त्यात धरता येते, मार्चमध्ये असेल तर परतावा मिळतो.

शेवटची तारीख रविवारी आली, जशी १५ जून २०२५ ला आली होती, तर पुढच्या कामाच्या दिवशी भरलेला हप्ता वेळेत धरला जातो. आयकर मंडळाचं १९९४ चं परिपत्रक तसं सांगतं. तरीही खात्याच्या संगणकाने व्याज लावलं तर नंतर पत्रव्यवहार तुम्हालाच करावा लागेल, म्हणून शुक्रवारीच मोकळे व्हा.

चौथी तपासणी: टीडीएसचा भरवसा

इथून पुढे कागद-पेन लागतं. नोकरदारांचा दोष जवळजवळ नेहमी इथेच सापडतो.

समजा तुम्ही ३० टक्क्यांच्या टप्प्यात आहात आणि मुदत ठेवींवर दोन लाख व्याज येतं. बँक १० टक्क्यांनी २०,००० कापते. सेससह खरा कर ६२,४०० होतो. मधले ४२,४०० कोणी कापलेच नाहीत. बँकेने टीडीएस कापला म्हणजे त्या उत्पन्नाचा कर संपला, हा समज फार खोल बसलेला आहे. बचत खात्याच्या व्याजावर तर टीडीएस नसतोच, आणि निवासी माणसाने म्युच्युअल फंड विकून कमावलेल्या भांडवली नफ्यावरही नसतो.

वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली असेल तर दोन्ही ऑफिसं आपापल्या पगारावर स्वतंत्रपणे प्रमाणित वजावट आणि खालचे टप्पे देतात. दोन्हीकडून कर बरोबर कापलेला दिसतो आणि एकत्र केल्यावर तूट निघते. नव्या ऑफिसला जुन्या पगाराचा तपशील दिला की हे मिटतं.

१२ लाखांपर्यंत कर शून्य, हे ऐकून बसलेल्यांसाठीही एक इशारा. नव्या करप्रणालीतली ती सूट विशेष दराच्या, म्हणजे शेअर्सच्या नफ्यासारख्या वेगळ्या दराने कर लागणाऱ्या, उत्पन्नाला लागत नाही. पगाराचं करपात्र उत्पन्न नऊ-दहा लाख आणि शेअर्सचा अल्पकालीन नफा एक लाख असेल, तर पगारावर शून्य, पण नफ्यावर २० टक्के आणि सेस मिळून २०,८०० रुपये. दहा हजारांच्या वर गेलात, म्हणजे ॲडव्हान्स टॅक्स लागला.

नोकरदारांना मी एक सोपा मार्ग सुचवतो: व्याज, भाडं असं बाहेरचं उत्पन्न ऑफिसला लेखी कळवा आणि पगारातूनच जास्त टीडीएस कापायला सांगा. कायद्यात तशी तरतूद आहे. हप्त्यांची कटकटच उरत नाही.

फ्रीलान्सरांचा प्रश्न वेगळा. ग्राहकाने सांगितलं "टीडीएस आम्ही भरू" आणि पैसे पूर्ण दिले, तर न कापलेला टीडीएस तुम्हाला हिशेबात वजा धरता येत नाही. शिवाय २६ एएसवर फार विसंबू नका. एप्रिल ते जूनचं टीडीएस विवरणपत्र कापणाऱ्याने ३१ जुलैपर्यंत भरायचं असतं, म्हणून १५ जूनला तिथे काहीच दिसणार नाही. त्या वेळी तुमची बिलं आणि बँकेचा उतारा हाच आधार. प्रत्येक बिलासमोर 'आले किती, कापले किती' असे दोन आकडे लिहिलेली साधी वही किंवा शीट ठेवा.

पाचवी तपासणी: अंदाज कसा धरता?

"वर्षभरात किती मिळेल हे मला जूनमध्ये कसं कळणार?" ही तक्रार खरी आहे. पण कायदाही अचूक आकडा मागत नाही. जूनला १५ ऐवजी १२ टक्के आणि सप्टेंबरला ४५ ऐवजी ३६ टक्के भरलेले असतील तरी त्या हप्त्यांवर व्याज लागत नाही. डिसेंबर आणि मार्चला ही सवलत नाही.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. आर्थिक वर्ष २०२५-२६, नवी प्रणाली, खर्च वजा जाऊन १५ लाख उत्पन्नाचा अंदाज. चार ते आठ लाखांवर २०,०००, आठ ते बारावर ४०,०००, उरलेल्या तीन लाखांवर १५ टक्क्यांनी ४५,०००. झाले १,०५,०००, चार टक्के सेस धरून १,०९,२००. टीडीएस ६०,००० कापला जाणार आहे असं बिलांवरून दिसतं. उरले ४९,२००. म्हणजे जूनला ७,३८०, सप्टेंबरला १४,७६०, डिसेंबरला १४,७६० आणि मार्चला १२,३००. डिसेंबरमध्ये मोठं काम आलं तर सगळा हिशेब नव्याने मांडायचा आणि एकूण ७५ टक्क्यांपर्यंत पोचेल एवढा हप्ता वाढवायचा.

जूनमध्ये केलेला अंदाज मार्चपर्यंत तसाच वापरणं ही मला वारंवार दिसणारी गोष्ट. प्रत्येक हप्त्याआधी अर्धा तास नवा हिशेब हवाच. आणि शंका असेल तर थोडा जास्त भरा. जादा भरलेल्या करावर खातं परताव्यासोबत दरमहा अर्धा टक्का व्याज देतं, फक्त परतावा एकूण कराच्या १० टक्क्यांहून कमी असेल तर देत नाही. कमी भरलात तर तुमच्याकडून १ टक्का जातो.

हिशेब बरोबर आणि हातात पैसेच नाहीत, अशांना एकच उपाय लागू पडताना मी पाहिला आहे. वेगळं बचत खातं उघडायचं आणि ग्राहकाचे पैसे आले त्याच दिवशी ठरलेला हिस्सा त्यात टाकायचा. वरच्या उदाहरणातल्या माणसाने वर्षभराच्या जमेतून ४९,२०० बाजूला पडतील असा टक्का ठरवला की पुरे. महिन्याच्या शेवटी उरेल ते बाजूला ठेवू, असं म्हणणाऱ्यांकडे जूनमध्ये काही उरलेलं नसतं.

सहावी तपासणी: रिटर्नमधली तिमाही विभागणी

ही अवघड नाही, पण फार कमी लोकांना माहीत असते. भांडवली नफा, लाभांश, लॉटरी अशा उत्पन्नाचा आधी अंदाज करता येत नाही, हे कायद्याला मान्य आहे. शेअर्स ऑगस्टमध्ये विकले तर त्या नफ्यावरचा कर जूनच्या हप्त्यात नव्हता म्हणून २३४ सी लागत नाही, उरलेल्या हप्त्यांत भरला की झालं. २० मार्चला विकले तर ३१ मार्चपर्यंत भरायचा.

पण हे खात्याच्या संगणकाला कळणार कसं? रिटर्नमध्ये भांडवली नफ्याच्या भागात खाली एक तक्ता असतो: १५ जूनपर्यंत, १६ जून ते १५ सप्टेंबर, १६ सप्टेंबर ते १५ डिसेंबर, १६ डिसेंबर ते १५ मार्च, १६ ते ३१ मार्च. नफा कधी झाला ते त्यात घालायचं. लाभांशासाठीही तसाच तक्ता आहे. घाईत सगळी रक्कम पहिल्याच चौकटीत टाकली की संगणक ती जूनच्या आधीची धरतो आणि न लागणारं व्याज लावतो. ब्रोकरकडून नफ्या-तोट्याचा तारीखवार अहवाल घ्या आणि ही पाच चौकटी नीट भरा. जुन्या रिटर्नमध्ये ही चूक सापडली आणि मुदत शिल्लक असेल तर सुधारित रिटर्न भरता येतं.

१५ मार्च गेला, आता काय?

३१ मार्चपर्यंत भरलेली रक्कम ॲडव्हान्स टॅक्समध्येच धरली जाते. शेवटच्या हप्त्याचं १ टक्का व्याज पडेल, पण एकूण ९० टक्के झाले तर एप्रिलपासूनचं २३४ बी टळेल. ३१ मार्चही गेला असेल तर रिटर्नची वाट बघू नका. कर आजच काढा आणि सेल्फ असेसमेंट म्हणून भरा. २३४ बी मध्ये महिन्याचा एखादा दिवसही पूर्ण महिना धरला जातो, म्हणून ३० तारखेला भरणं आणि १ तारखेला भरणं यात पूर्ण एक टक्क्याचा फरक आहे.

इथे थांबा आणि सीएकडे जा

हप्ता दुसऱ्याच पॅनवर गेला असेल, किंवा चलन दुरुस्तीची मुदत संपली असेल. अर्ज, हमीपत्र, बँकेचा दाखला असं बरंच जोडावं लागतं आणि अर्धवट अर्ज पडून राहतो.

जमीन किंवा घर विकलं असेल. त्यातला कर मोठा असतो, गुंतवणुकीच्या सवलतींना मुदती असतात, आणि हप्त्याचा आकडा त्या निर्णयावर अवलंबून असतो. व्यवहार होण्याआधी जा, नंतर नव्हे.

परदेशातून पगार, शेअर्स किंवा फी येत असेल, वर्षाच्या मध्ये परदेशातून परत आला असाल, किंवा ४४ एडी सोडून नियमित हिशेबांवर यायचं असेल, तर स्वतःच्या अंदाजावर विसंबू नका.

कराच्या मागणीची नोटीस आली असेल आणि तुमचा हिशेब तिच्याशी जुळत नसेल तर ती बाजूला ठेवू नका. साधारणपणे ३० दिवसांत ती रक्कम भरावी लागते किंवा पोर्टलवर असहमती नोंदवावी लागते, नंतर त्या रकमेवर पुन्हा दरमहा १ टक्का सुरू होतो. आणि १४३(२) (रिटर्नची सखोल तपासणी) किंवा १४८ (जुनं वर्ष पुन्हा उघडणं) खालची नोटीस असेल तर विषय हप्त्याचा राहिलेलाच नाही. तिला स्वतः उत्तर लिहू नका, पोर्टलवर काही अपलोडही करू नका.

जाताना चार कागद न्या: सगळ्या चलनांच्या पावत्या, २६ एएस आणि एआयएसची ताजी प्रत, गेल्या वर्षाचं रिटर्न, आणि आलेली सूचना किंवा नोटीस पूर्ण, फक्त पहिलं पान नको. व्याजाचा हिशेब नोटिशीच्या आतल्या पानांवर असतो आणि सीए आधी तेच बघतो.